ज्याने आणि ज्याला

वेणू केणे कंपनीत लागली ती फोन घ्यायला. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतली ती कंपनी रंगांना लागणारी रसायनं बनवायची, आणि तिच्याकडे येणारे निम्मे फोन परप्रांतातल्या व्यापाऱ्यांचे, इंग्रजीत असायचे. आधीची मुलगी फोन आला की रिसीव्हर कोणाच्या तरी हातात द्यायची. वेणूने पहिल्याच दिवशी तो कानाला लावला आणि उत्तर दिलं. महिन्याभरात साहेब तिला पत्रं लिहायला बोलवू लागले. अकरा वर्षांत तीन मॅनेजर बदलले, वेणू कार्मिक विभागात पक्की झाली, आणि कंपनीत इंग्रजी कागद म्हटला की तो तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे.

हे इंग्रजी तिने कॉन्व्हेंटात मिळवलं नव्हतं. तिचं माहेर जांभूळचं. वडील तिथल्या पाणीपुरवठा केंद्रात व्हॉल्व्हवर होते, शाळा मराठी. लग्न होऊन अंबरनाथला आल्यावर, मुलगी दोन वर्षांची असताना, तिने उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये क्लास लावला. कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर लछमनदास सर शिकवायचे. बाकीच्या मुलींना फाडफाड बोलायचं होतं, वेणूला व्याकरण आवडायचं. विशेषतः दोन वाक्यं जोडणारे ते छोटे शब्द, हू, हूम, हूज, विच. मराठीतल्या जो-तो, ज्याने-त्याने, ज्याला-त्याला सारखेच ते, पण मराठीत शब्दाचा शेवट बदलला की अर्थ आपोआप कळतो, इंग्रजीत मात्र नीट पाहावं लागतं. सर म्हणायचे, "बेटा, हू करता है, हूम पे होता है. ये भूली तो मारनेवाला कौन और मार खानेवाला कौन, पता नहीं चलेगा." मुली हसायच्या. वेणू वहीत लिहून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत भूपेश सर मॅनेजर म्हणून आले. वय तिशीच्या आसपास, ठाण्याहून गाडीने यायचे, कामाला चोख. पहिल्याच महिन्यात मीटिंगमध्ये त्यांनी वेणूचं एक पत्र पडद्यावर लावलं आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, हूम? हूम कोण लिहितं आता? इंग्रज जाऊन किती वर्षं झाली." खोलीतली दहा-बारा माणसं हसली. वेणूही हसली. टेबलावर परत आल्यावर मात्र बराच वेळ तिचे कान गरम होते. त्या दिवसापासून तिच्या पत्रांतून तो शब्द गेला.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी पावणेचारच्या सुमाराला प्लांटमधून ओरडण्याचा आवाज आला. आम्लाच्या पाइपचा एक जोड सुटला होता. पंपावर हिरामण पाटील होता. पन्नाशीला आलेला, जांभूळचाच, वेणूच्या माहेरापासून चार घरं सोडून राहणारा. उजवा हात, मान आणि उजवा डोळा यांवर आम्लाचा फवारा बसला. दोघा कामगारांनी त्याला ओढत शॉवरखाली नेलं म्हणून जीव वाचला. तासाभरात तो उल्हासनगरच्या एका खासगी हॉस्पिटलात होता.

गुरुवारी सकाळी भूपेश सरांनी वेणूला बोलावलं. "हिरामणचं निवेदन लागेल. हेड ऑफिसला इंग्रजीत पाहिजे, एक वाजेपर्यंत. तुम्ही जा. गावचा माणूस आहे ना तुमच्या, तुमच्याशी बोलेल."

वेणू वही घेऊन गेली. हिरामणचा अर्धा चेहरा पट्टीत होता, उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. उशाशी त्याची बायको बनूबाई बसली होती. हिरामण थांबत थांबत बोलला आणि वेणूने त्याचे शब्द होते तसे मराठीत उतरवले.

"पंपाकडं वास यायला लागला. ज्या सुपरवायझरला मी लीकचं सांगलं, तो पॅनेलपाशीच उभा होता. मंग मी परत पंपावर आलो. मंग जोड सुटला."

"तुम्ही सांगितल्यावर तो काय म्हणाला?" वेणूने विचारलं.

हिरामणने डावा डोळा मिटला. "ते नको लिवू. पोरगा नवा हाय."

तो पोरगा म्हणजे सुजित, कुळगावचा, डिप्लोमा झालेला, सुपरवायझर होऊन जेमतेम सहा महिने झालेले. वेणूने आग्रह केला नाही. हिरामणला बोलताना दुखत होतं, आणि तिची नजर घड्याळावर होती. साडेअकरा वाजले होते.

ऑफिसात येऊन ती टाइप करायला बसली तेव्हा बारा वाजून गेले होते. दर दहा मिनिटांनी भूपेश सर दारातून डोकावत होते. हेड ऑफिसचा फोन दोनदा येऊन गेला. ती त्या वाक्यापाशी आली. 'ज्या सुपरवायझरला मी सांगितलं.' बोटांना सवयीने 'हूम आय टोल्ड' लिहायचं होतं, पण पडद्यावर लावलेलं ते पत्र तिला आठवलं आणि तिने 'हू आय टोल्ड' लिहिलं. कॉम्प्युटरने त्या शब्दांखाली निळी नागमोडी रेघ ओढली. तिने त्यावर क्लिक केलं. कॉम्प्युटरने सुचवलं, हूम.

वेणूला चीड आली. भूपेश सर म्हणतात हूम नको, मशीन म्हणतं हूमच पाहिजे. दारात पुन्हा पावलं वाजली. "झालं का, मॅडम?" तिने वाक्य जरासं फिरवलं. 'द सुपरवायझर हू टोल्ड मी अबाउट द लीक.' निळी रेघ गेली. वाक्य कसं स्वच्छ दिसायला लागलं. ती पुढे सरकली.

खाली तिने नेहमीचा मजकूर लिहिला, की हे मूळ मराठी निवेदनाचं खरं आणि बरोबर भाषांतर आहे, आणि सही केली. दुपारी कागद घेऊन ती पुन्हा हॉस्पिटलात गेली. हिरामणचा उजवा हात चालत नव्हता म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. बनूबाईने विचारलं, "काय लिवलंय?"

"दादांनी सांगितलं तेच," वेणू म्हणाली.

तीन आठवडे गेले. हिरामण घरी आला, डोळ्याचं अजून काही सांगता येत नव्हतं. एका गुरुवारी सकाळी गेटवरच्या वॉचमनने वेणूला खाली बोलावलं. बाहेर उन्हात बनूबाई उभी होती, हातात लांबट खाकी पाकीट.

"पोस्टानं आलंय. आमचेकडं कोणाला वाचता येत नाय. पोरगी बोलली, वेणूताईकडं जा."

वेणूने कागद काढला. ते आरोपपत्र होतं. गळती होत असल्याची सूचना सुपरवायझरने देऊनही हिरामण पाटील यांनी पंप बंद केला नाही, ते जाणूनबुजून परत पंपावर गेले, त्यामुळे स्वतःच्या व इतरांच्या जिवाला धोका आणि कंपनीच्या मालाचं नुकसान झालं, सबब त्यांना कामावरून का काढू नये याची चौकशी होईल. आधार म्हणून दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, सुपरवायझर सुजित यांचा जबाब. दुसरी, खुद्द हिरामण यांचं अंगठा असलेलं निवेदन, ज्यात त्यांनी हे मान्य केलं आहे.

निवेदनाची प्रत मागे टाचलेली होती. वेणूने ते वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं. हू टोल्ड मी. ज्याने मला सांगितलं.

 हिरामणने सुपरवायझरला सांगितलं होतं. कागद म्हणत होता, सुपरवायझरने हिरामणला सांगितलं. आणि व्याकरणाची एकही चूक त्या वाक्यात नव्हती.

"काय लिवलंय, ताई?" बनूबाईने विचारलं.

वेणूने कागद घडी करून पाकिटात घातला आणि पाकीट परत दिलं. "चौकशी आहे म्हणतायत. तारीख दिलीय, सोमवारची. मी बघते काय करता येईल ते."

"काढतील का त्यास्नी?"

"मी बघते ना," वेणू म्हणाली. चूक माझी आहे, एवढी तीन शब्दांची गोष्ट होती. ती तिच्या तोंडून निघाली नाही. बनूबाई रिक्षाच्या थांब्याकडे चालू लागली आणि वेणू गेटच्या आत उभी राहून तिच्याकडे बघत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत तिने खण उघडला. वही होती. पान होतं. 'ज्या सुपरवायझरला मी लीकचं सांगलं.' डबा तसाच ठेवून ती भूपेश सरांच्या केबिनमध्ये गेली.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.  ती थांबल्यावर त्यांनी खुर्ची जराशी मागे सरकवली.

"मॅडम, निवेदन इन्शुरन्सला गेलं. फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे गेलं. हेड ऑफिसला गेलं. खाली तुमची सही आहे, खरं आणि बरोबर. आता तुम्ही म्हणता बरोबर नाही."

"चूक झाली, सर. घाईत झाली."

"घाईत. म्हणजे उद्या कोणीही उठून म्हणेल, अकरा वर्षांत या बाईंनी जेवढं भाषांतर केलं ते सगळंच घाईत केलं. मग तुमचं काय होईल? हे मी धमकी म्हणून नाही सांगत. विचार करा, एवढंच."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"आणि तुम्हाला खात्री आहे का? तीन आठवड्यांपूर्वी एका माणसाने पेनकिलरच्या गुंगीत काय सांगितलं, ज्याला की ज्याने, त्याची?"

"वहीत आहे."

ते तिने बोलायला नको होतं. सर सरळ बसले. "वही कुठेय? द्या माझ्याकडे, रेकॉर्डला लावतो."

"घरी आहे, सर," वेणू म्हणाली. आयुष्यात साहेबाशी ती पहिल्यांदा खोटं बोलली, आणि इतकं सहज बोलली की तिची तिलाच भीती वाटली.

"उद्या आणा. सोमवारी तुम्हाला साक्षीला बसावं लागेल. दोनच प्रश्न आहेत. सही तुमची का, भाषांतर बरोबर का. दोन्हीला हो म्हणायचं आणि खाली यायचं."

संध्याकाळी सुटताना तिने वही पदराखाली धरून पर्समध्ये टाकली. बाइकच्या पार्किंगमध्ये सुजित उभा होता, जणू तिचीच वाट बघत.

"वेणूताई, एक मिनिट." त्याची दाढी वाढलेली होती. "हिरामणदादा कसे आहेत? मला जायचं होतं बघायला, पण कसं जाणार."

"का? जाता येत नाही?"

सुजित हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुम्हाला म्हणून सांगतो. त्या दिवशी दादाच आलते माझ्याकडे. बोलले, जोडातून वास येतोय. मी बोललो, बॅच होऊ दे, दहा मिनिटं, मग बघू. आठ मिनिटांत जोड गेला. दोन दिवस मला झोप नाही. मला वाटलं, आता गेलो मी. मग साहेबांनी बोलावून दादांचं निवेदन दाखवलं. दादांनीच लिहून दिलंय की सुपरवायझरने मला सांगितलं. मी वाचतच राहिलो. मला वाटलं, हा माणूस हॉस्पिटलात पडून मला वाचवतोय. माझ्या घरी बायकोला सातवा महिना, ते त्यांना माहीत होतं. मग साहेब बोलले, तुमचा जबाब पण तसाच द्या. मी दिला."

 "सुजित, ते दादांनी नाही लिहून दिलं. ते माझ्याकडून चुकलं. दादांनी सांगितलं होतं, ज्याला मी सांगितलं. मी लिहिलं, ज्याने मला सांगितलं."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो बाइकच्या सीटवर बसला.

"म्हणजे दादांना माहीतच नाही?"

"नाही."

"तुम्ही काय करणार सोमवारी?"

"तू काय करणार?" वेणूने विचारलं.

त्याने हेल्मेट डोक्यात घातलं. तीही थांबली नाही.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. विनीत ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होता, बोलायला कमी. त्याने वही घेऊन ते पान वाचलं, मग निवेदनातलं इंग्रजी वाक्य तिच्याकडून दोनदा समजावून घेतलं.

"एका अक्षराचा फरक," तो म्हणाला.

"अक्षराचा नाही. मी वाक्यच फिरवलं."

"सांगितलंस तर ते तुला ठेवतील?"

"माहीत नाही."

"आणि नाही सांगितलंस तर त्याला ठेवणार नाहीत." एवढं बोलून त्याने वही तिच्या हातात दिली. काय कर, हे त्याने सांगितलं नाही, आणि तिला नेमकं तेच कोणीतरी सांगायला हवं होतं. शुक्रवारी तिने रजा टाकली, म्हणजे वही मागायला कोणी समोर यायला नको. शनिवारी सरांचे दोन फोन आले. ते तिने घेतले नाहीत.

सोमवारी अकरा वाजता चौकशी सुरू झाली. कॅन्टीनच्या वरच्या ट्रेनिंग रूममध्ये लांब टेबल लावलं होतं. चौकशी अधिकारी म्हणून कल्याणच्या वकील किर्ती मॅडम आल्या होत्या. चष्मा, आखूड केस, समोर कोऱ्या कागदांची चळत. सगळं त्या स्वतःच्या हाताने लिहायच्या. कंपनीच्या बाजूने भूपेश सर. समोर हिरामण एकटाच, डोळ्यावर हिरवी पट्टी, उजवा हात मांडीवर. कामगाराला मदतीला एखादा सहकारी घेता येतो, असं मॅडमनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मना कोणी नको. जा हाय ते मी सांगन." बनूबाई खाली कॅन्टीनच्या पायरीवर बसली होती.

वेणूला आत बोलावलं तेव्हा सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. निवेदन तिच्या पुढे सरकवलं.

"खालची सही तुमची?"

"हो, माझी."

"हे भाषांतर तुम्ही केलं?"

"हो."

"ते खरं आणि बरोबर आहे?"

पंख्याचा आवाज येत होता. वेणूने खाली कागदाकडे पाहिलं. पर्समधल्या वहीचा कोपरा तिच्या मांडीला टोचत होता. तिने तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते असं, "व्याकरण बरोबर आहे."

किर्ती मॅडमचं पेन क्षणभर थांबलं. त्यांनी वर पाहिलं. भूपेश सर घाईने म्हणाले, "साक्षीदार म्हणतात बरोबर आहे. माझे प्रश्न संपले."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि हिरामणकडे वळल्या. "तुम्हाला या साक्षीदाराला काही विचारायचंय?"

हिरामण गडबडला. आपणही प्रश्न विचारू शकतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने वेणूकडे पाहिलं. त्या एका डोळ्यात राग नव्हता, संशयही नव्हता. गावातल्या शिकलेल्या पोरीकडे माणूस बघतो तसं तो बघत होता.

"वेणू, मी काय सांगलं व्हतं त्या दिवशी? त्येवढं सांग. मना यांनी वाचून दावलं, पन मी तसा बोललो असन असा मना वाटत नाय."

वेणूने पर्स उघडली. चेन नीट सरकेना. वही काढून तिने टेबलावर ठेवली आणि पान उघडलं.

"हे मी हॉस्पिटलात तुमच्या समोर लिहिलं. यात असंय, ज्या सुपरवायझरला मी लीकचं सांगलं, तो पॅनेलपाशीच उभा होता. तुम्ही त्याला सांगितलं होतं, दादा. मी इंग्रजीत उलटं लिहिलं."

"ऑब्जेक्शन," भूपेश सर म्हणाले. "ही वही रेकॉर्डवर नाही. यांनी मला सांगितलं, वही घरी आहे."

"खोटं बोलले मी," वेणू म्हणाली. "वही खणात होती."

किर्ती मॅडमनी हात वर करून दोघांनाही थांबवलं. वही जवळ ओढून त्यांनी पान सावकाश वाचलं, तारीख पाहिली, आधीची आणि नंतरची पानं उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "दोन वाक्यांत फरक काय आहे तो मला समजावून सांगा. मला समजतोय, पण रेकॉर्डवर तुमच्या शब्दांत हवा."

वेणूने सांगितलं. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटत होता. "इंग्रजीत हू म्हणजे जो करतो तो. हूम म्हणजे ज्याच्यावर होतं तो. दादांच्या वाक्यात सांगणारे दादा आहेत आणि ऐकणारा सुपरवायझर. तिथे हूम पाहिजे होतं. सुपरवायझर, ज्याला मी सांगितलं. मी हू लिहिलं आणि पुढचे शब्द फिरवले. त्यामुळे सुपरवायझर, ज्याने मला सांगितलं, असं झालं. कामगार गळती आधी सांगणारा होता, तो ऐकून न ऐकणारा झाला."

"तुम्हाला हा नियम माहीत होता?"

"वीस वर्षांपासून."

"मग चुकलं कसं?"

वेणूला निळी रेघ सांगता आली असती, घड्याळ सांगता आलं असतं, मीटिंगमधला तो हशाही सांगता आला असता. भूपेश सर समोरच बसले होते. ती म्हणाली, "हूम लिहायची मला लाज वाटली."

मॅडमनी ते लिहून घेतलं.

भूपेश सर उभे राहिले आणि वेणूकडे वळले. "मॅडम, तुम्ही त्या दिवशी लिहून दिलं, खरं आणि बरोबर. आज म्हणता चूक. मग तेव्हा खोटं बोललात की आज?"

"तेव्हा चुकले. आज सांगते आहे."

"अकरा वर्षांत अशा किती चुका केल्या असतील?"

"मला माहीत नाही," वेणू म्हणाली. "तपासायला हवं. तुम्ही फाइली दिल्यात तर मी तपासून देईन."

सर खाली बसले. हिरामणला विचारलं गेलं, वहीतलं वाक्य तुमचं का. तो म्हणाला, "हा माझाच बोलना हाय." मग सुपरवायझर काय म्हणाला, हेही मॅडमनी विचारलं. या वेळी त्याने खाली बघत सांगितलं, "बॅच होऊ दे बोलला."

दुपारी सुजितला बोलावलं. जबाब त्याच्यासमोर ठेवला.  वेणू खाली कॅन्टीनमध्ये होती, तिला हे नंतर कळलं. तो म्हणाला, "कोणी कोणाला सांगितलं, ते मला आता नक्की आठवत नाही." पार्किंगमध्ये जे बोलला होता ते पूर्ण बोलायचं धाडस त्याला झालं नाही, पण जबाबाला चिकटूनही राहवलं नाही. किर्ती मॅडमनी तेच शब्द उतरवून घेतले आणि त्याची सही घेतली.

अहवाल यायला दीड महिना लागला. तेवढे दिवस वेणूशी ऑफिसात कोणी कामापलीकडे बोललं नाही. पाण्याच्या कूलरपाशी ती गेली की गप्पा थांबायच्या. अहवालात लिहिलं होतं, आरोप सिद्ध होत नाही. हिरामणला कामावर घेतलं गेलं. उजव्या डोळ्याने त्याला फक्त उजेड-अंधार कळतो, म्हणून प्लांटमध्ये नाही, गेटजवळच्या वजनकाट्यावर. सुजितला बाळ झालं, त्यानंतर महिन्याभरात तो ही कंपनी सोडून दुसरीकडे गेला. जाण्याआधी तो जांभूळला हिरामणकडे जाऊन आला, असं म्हणतात.

वेणूला मेमो मिळाला. निष्काळजीपणा आणि वरिष्ठांना खोटी माहिती देणं, अशी दोन कारणं. दोन्ही खरी होती. तिने खाली सही केली. तिची बदली स्टोअरला झाली, तिथे पिंपं आणि गोण्या मोजून नोंद करायची असते, पत्रं लिहायची नसतात. जाण्याआधीच्या आठवड्यात तिने जुनी भाषांतरं मागितली. कोणी नाही म्हटलं नाही, कोणी काढूनही दिली नाहीत. तिने स्वतः जेवणाच्या सुट्टीत कपाट उपसलं. नऊ निवेदनं मूळ मराठी मजकुरासकट सापडली. ती तिने शब्द न् शब्द ताडून पाहिली. नऊही बरोबर होती. बाकीच्यांची मूळ पानं फाइलला नव्हती, तिच्याकडच्या जुन्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या होत्या. त्यांचं काय, हा प्रश्न तिला अजून पडतो. तेव्हापासून ती स्टोअरच्या नोंदीही जाड वहीत लिहिते आणि वह्या टाकत नाही.

जांभूळला ती पावसाळा संपल्यावर गेली. त्याआधी दोनदा निघाली होती आणि माहेरूनच परत फिरली होती. हिरामण ओटीवर बसला होता, त्याने पोरीला हाक मारून खुर्ची मागवली. बनूबाईने कोरा चहा आणला आणि उंबऱ्यात बसली.

"दादा, चूक माझी होती," वेणू म्हणाली. "चौकशीत बोलले, पण तुमच्या घरी येऊन बोलायचं राहिलं होतं."

"जाऊ दे गो," हिरामण म्हणाला. "बोललीस ना शेवटाला. नोकरीवर पानी सोडून बोललीस."

बनूबाई पदराच्या टोकाने उंबरा पुसत होती. ती सावकाश म्हणाली, "तू आमचेच गावची. मी उन्हात कागद घेऊन आलते गेटवर. तवा तुला कळलं व्हतं का नव्हतं?"

"कळलं होतं."

"मंग तवाच सांगायचंस. ते चार दिवस ह्यांनी अन्न घेतलं नाय. मी बी नाय."

 "हो," वेणू म्हणाली. "तेव्हाच सांगायला हवं होतं."

हिरामणने विषय बदलला. वजनकाट्यावर ट्रकवाले कसे गंडवायला बघतात, ते तो सांगू लागला. चहा संपला. वेणू उठली. नाक्यापर्यंत रस्ता ओला होता आणि अंबरनाथकडे जाणारी रिक्षा लवकर मिळत नव्हती. थोड्या वेळाने मागून चपलांचा आवाज आला. बनूबाई आली होती, हातात पिशवी, पिशवीत शेतावरच्या काकड्या. पिशवी तिने वेणूकडे दिली. रिक्षा येईपर्यंत ती बाजूला उभी राहिली, रस्त्याकडे बघत.